दोन गुंठ्यांचा प्रश्न
(व्याख्यानाचा मजकूर)



परसातल्या भाजीपाल्यावर व्याख्यान ठेवले की काही कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर मंद स्मित उमटते. दुष्काळ, कर्ज, हमीभाव, धरणे असे मोठे प्रश्न समोर उभे असताना वांगी-भेंडीची चर्चा कशाला, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. परंतु ज्या प्रदेशात अन्न पिकवणाऱ्याच्याच ताटात आठवड्यातून चार दिवस नुसती भाकरी, ठेचा आणि पातळ वरण असते, त्या प्रदेशात भाजीचा प्रश्न लहान म्हणता येत नाही. भाजी पिकवायला जागा लागते, पाणी लागते, बियाणे लागते आणि कोणाचे तरी श्रम लागतात. जमीन, पाणी, बीज आणि श्रम या चारही गोष्टींची मालकी कोणाकडे आहे, याचे उत्तर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या एखाद्या घरामागच्या वाफ्यात जितके स्पष्ट दिसते, तितके ते मोठमोठ्या अहवालांतही दिसत नाही.

मराठवाड्याला भाजी नवी नाही. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेडच्या लगतच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. शेतात कडब्याची कोप उभारली जाते, तिच्यात पांडवांची पूजा होते, आणि मग आंबील, उंडे व भज्जी यांचे जेवण होते. या भज्जीत ओला हरभरा, तुरीचे व वालाचे दाणे, वाटाणा, मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगे असे जे जे शिवारात त्या दिवसांत असेल ते सारे पडते. आलेला पाहुणा, वाटसरू, कोणीही उपाशी परत जात नाही. या सणाची धार्मिक बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी त्यातून एक ऐतिहासिक पुरावा हाती लागतो. तो असा की एकेकाळी या भागातले शेत हीच भाजीची बाग होती. भज्जी हे त्या शेताच्या विविधतेचे वार्षिक मोजमाप होते.

ती विविधता कशी होती? ज्वारीच्या शेतात तुरीचे पाटे असत. कापसात आणि ज्वारीत अंबाडी, चवळी, भेंडी यांची बी विखुरलेली असे. बांधावर दोडका, भोपळा, वाळूक यांचे वेल असत. रब्बीत हरभऱ्याचे शेंडे खुडून आणि करडईची कोवळी पाने तोडून भाजी होई. याखेरीज कोणी न पेरलेल्या भाज्या होत्या: तांदुळजा, पाथरी, चिघळ, तरोटा. निंदणीला गेलेली मजूर बाई संध्याकाळी परतताना पदराच्या ओट्यात दोन जुड्या घेऊन येई. ती भाजी मजुरीच्या हिशेबात नसे, मालकाच्याही हिशेबात नसे. पण भूमिहीनाच्या चुलीवर ती रोज शिजत असे.

गेल्या चार दशकांत हे चित्र पालटले. लातूर हे सोयाबीनच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाले. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एकसलग सोयाबीनच्या शेतात भेंडीला, अंबाडीला आणि वाळकाला जागा उरली नाही. त्यानंतर तणनाशक आले. तणनाशकाच्या लेखी तांदुळजा आणि पाथरी ही तणेच होत. निंदणीची मजुरी गेली आणि तिच्याबरोबर ओट्यातली भाजीही गेली. शेतकऱ्याचे घर आणि मजुराचे घर अशी दोन्ही घरे आठवडी बाजारावर अवलंबून झाली. फरक एवढाच की, शेतकऱ्याला सोयाबीन विकून भाजी घेता येते. मजुराला मजुरीतून घ्यावी लागते.

येथे थोडा हिशेब केला पाहिजे. प्रौढ माणसाने दररोज सुमारे ३०० ग्रॅम भाजी खावी, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अनेक वर्षांची शिफारस होती. अलीकडे तिने हे प्रमाण आणखी वाढवले आहे. जुने प्रमाण धरले तरी पाच माणसांच्या कुटुंबाला रोज दीड किलो आणि वर्षाला सुमारे साडेपाच क्विंटल भाजी लागते. सरासरी ४० रुपये किलोचा भाव धरला तर रोजचे ६० रुपये होतात. २०२४-२५ साली रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेखाली महाराष्ट्रातला मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे काम मिळेल त्या दिवशी मजुरीचा पाचवा हिस्सा भाजीवर खर्च केला, तर शास्त्राने सांगितलेले पोषण होणार. आणि काम मिळणार नाही त्या दिवशी काय, हा प्रश्न शिल्लकच राहणार. ज्या घरात तेल, मीठ, डाळ, दवाखाना आणि मुलांच्या वह्या यांचीही ओढाताण आहे, त्या घरात सर्वांत आधी कात्री लागते ती भाजीला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत, आणि पालेभाजी खाऊन रक्तक्षय आपोआप जातो असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. तरीही ताटातून हिरवा रंग नाहीसा होणे हे त्या कारणांपैकी एक आहे, यात शंका नाही.

साडेपाच क्विंटल भाजीला जागा किती लागते? पाच माणसांच्या कुटुंबासाठी सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे, असा आराखडा कृषिशास्त्रज्ञ साधारणपणे मांडतात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी तर दहा गुंठ्यांत कुटुंबाचे सन्मानाने पोषण होऊ शकते, असा विचार प्रयोगांच्या आधारे मांडला. सूर्यप्रकाश हे खरे भांडवल असून ते प्रत्येकाच्या अंगणात सारख्याच प्रमाणात उतरते, हे त्या विचाराचे मर्म होते. त्या मानाने दोन गुंठ्यांची मागणी फारच माफक आहे. ती जमीन बारमाही कशी राबवायची, हे आधी पाहू. ती कोणाकडे आहे, हा प्रश्न त्यामागोमाग येईलच.

नांदेड-लातूरची जमीन बहुतांशी काळी. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे येथल्या परसबागेचा पहिला नियम म्हणजे पावसाळ्यात सपाट वाफे करू नयेत. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेअखेरीस, जमीन उकरून कुजलेले शेणखत मिसळावे आणि तीन-साडेतीन फूट रुंदीचे गादीवाफे किंवा सरी-वरंबे करून ठेवावेत. रुंदी इतकीच, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यात पाय पडू नये. मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार आणि चवळी वरंब्यावर टोकावी. दोडका, कारले, दुधी भोपळा यांची आळी कुंपणालगत किंवा मांडवाच्या खांबाशी करावी. वेल वर चढला की फळ जमिनीला टेकत नाही, सडत नाही, आणि मांडवाखालची सावली अळूच्या आणि आल्याच्या कामी येते. भेंडी दीड महिन्यात तोडणीला येते; दोडका-कारले दोन महिन्यांच्या आसपास. अंबाडी तर अक्षरशः दुर्लक्षावर वाढते. पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही, पण कीड-रोगांचा जोर याच दिवसांत असतो. फळमाशीने डंख मारलेले कारले किंवा काकडी वेलावर अथवा जमिनीवर राहू न देता गोळा करून नष्ट करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मावा आणि तुडतुडे यांवर निंबोळीचा अर्क उपयोगी पडतो: ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, गाळून एक लिटर करावी आणि संध्याकाळी फवारावी. मराठवाड्यात कडुनिंब दारोदार आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या वेचून वाळवून ठेवणे एवढेच काम.

दुसरा हंगाम हिवाळ्याचा, आणि तोच येथल्या परसबागेचा खरा सुगीचा काळ. त्याची तयारी मात्र पावसाळ्यातच करावी लागते. ऑगस्टच्या अखेरीपासून उत्तरा नक्षत्रापर्यंत टोमॅटो, वांगी, मिरची आणि कोबी यांची रोपे उंच वाफ्यावर किंवा जुन्या टोपलीत तयार करावीत. साधारण महिन्याभरात ती लावणीयोग्य होतात. हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर यांची पेरणी सुरू होते. अनुभवी बाई मेथीचा सारा वाफा एकाच दिवशी पेरत नाही. ती दर आठ-दहा दिवसांनी हातभर पट्टा पेरते. मेथी तीन-चार आठवड्यांत हाती येते. सगळी एकदम आली तर निम्मी वाया जाते आणि पुढचे पंधरा दिवस कोरडे जातात. पालक मुळासकट न उपटता कापून घेतला तर दोन-तीन वेळा पुन्हा फुटतो. वालाचा वेल कुंपणावर चढवला की येळवसेच्या भज्जीला दाणे घरचेच होतात. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसू लागली की दाटी कमी करावी, खालची रोगट पाने काढावीत.

तिसरा हंगाम कठीण. फेब्रुवारीत गवार, भेंडी, काकडी लावता येतात आणि एप्रिलपर्यंत त्या साथ देतात. पण पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की टोमॅटोची फुले गळतात आणि मेथी-पालक तग धरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत परसबाग आक्रसू देणे हेच शहाणपण होय. एखादा वाफा तुरीच्या काड्यांच्या किंवा जुन्या लुगड्याच्या सावलीत राखावा, त्यात माठ-राजगिरा घ्यावा, जमिनीवर पाचट किंवा काडीकचऱ्याचे आच्छादन घालावे. बाकीचा भार झाडांवर टाकावा. शेवगा, हदगा, कढीपत्ता, लिंबू ही चार झाडे कोपऱ्यांत असली तर दुष्काळातही घर उघडे पडत नाही. शेवग्याच्या शेंगेची सर्वांना आठवण असते, पानांची नसते. वास्तविक त्याच्या पानांची भाजी पोषणाच्या दृष्टीने शेंगेहून सरस आहे. जुन्या पिढीतल्या बायका हिवाळ्यातली मेथी, हरभऱ्याची भाजी, गवारीच्या शेंगा वाळवून गाडग्यात भरून ठेवीत. ते वाळवण म्हणजे उन्हाळ्यासाठी केलेली बचत होती.

हे सर्व ऐकल्यावर कोणीही विचारील की, पाणी कोठून आणायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि मराठवाड्यात त्याला हसण्यावारी नेता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पाणी आणावे लागले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागांवर गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करण्याची पाळी प्रशासनावर आली होती. आधी १० वाघिणी येत, पुढे ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेतील शहराच्या ३ लाख ८३ हजार लोकसंख्येने त्याला भागले तर माणशी साडेसहा लिटर होतात. ज्या शहराने असा उन्हाळा पाहिला, तेथे भाजीच्या वाफ्याला पाणी द्या, असे सांगताना जीभ अडखळली पाहिजे.

म्हणूनच पाण्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले. ते पुरेपूर मिळाले असे धरले, तर पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येतात. त्यातले न्हाणीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे मिळून १५० लिटर पुन्हा वापरता आले, आणि हिवाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे रोज सुमारे चार लिटर लागतात असे मानले, तर त्या सांडपाण्यावर सदतीस चौरस मीटर, म्हणजे चारशे चौरस फूट बाग जगते. दोन गुंठ्यांना मात्र ८०० लिटर लागतील. तात्पर्य, सांडपाण्यावर पंचमांश बाग होते. उरलेल्या चार हिश्शांना हक्काचे पाणी लागते.

सांडपाण्याच्या उपयोगाला नांदेड जिल्ह्याने एक चांगली वाट दाखवली आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि त्यांतले डास हटवले. पुढे रोजगार हमीच्या कामांतून जिल्ह्यात असे खड्डे मोठ्या प्रमाणावर झाले आणि 'नांदेड पॅटर्न' या नावाने राज्यभर त्यांची चर्चा झाली. त्या खड्ड्यात जाणारे पाणी वाटेत एका वाफ्यातून फिरवले तर तेच पाणी दोनदा कामाला येते. मात्र काळजी घ्यावी लागते. साबणाच्या पाण्यातले क्षार आधीच अल्कधर्मी असलेल्या काळ्या मातीला घट्ट करतात, म्हणून अधूनमधून गोडे पाणी द्यावे, आणि सांडपाणी केळी, अळू, शेवगा, मांडवावरचे वेल यांनाच द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, मुळा व गाजर यांना देऊ नये.

आणि हक्काच्या पाण्याचे काय? दोन गुंठ्यांच्या बागेला पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार लिटर पाणी लागेल. याउलट उसाला वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचा पाऊण मीटर वजा केला तरी एका एकराला सिंचनाचे सुमारे ५० लाख लिटर द्यावे लागतात. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात पंचवीसेक कुटुंबांच्या परसबागा बारमाही हिरव्या राहू शकतात. मांजराच्या खोऱ्यात टंचाईच्या वर्षांतही ऊस उभा होता, हे सर्वांना ठाऊक आहे. ऊस लावणारा शेतकरी शत्रू नाही. खात्रीचा भाव आणि खात्रीचा ग्राहक त्याला त्याच एका पिकात दिसतो. पण पाणी नाही म्हणून भाजी नाही, हे वाक्य अर्धसत्य आहे. पाणी कोणत्या वाटेने जाते, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

आता बियाण्याविषयी. मराठवाड्याच्या मातीत बियाण्याचे दोन प्रवाह निघाले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बीजोत्पादनापासून सुरुवात केली आणि १९६४ साली महिको ही कंपनी उभारली. पुढे संकरित बियाण्याच्या व्यापारात ती देशात अग्रेसर ठरली. त्याच मराठवाड्यात १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 'पुसा सावनी' केवडा रोगाला बळी पडू लागली, तेव्हा या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी भेंडीचा तिच्या एका रानटी नातलगाशी संकर करून, त्या संततीतून निवड करीत 'परभणी क्रांती' हे केवड्याला दाद न देणारे वाण १९८० च्या दशकात दिले. दोन्ही कामे गुणवत्तेची. फरक मालकीचा आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विस्कटतात. 'परभणी क्रांती'सारख्या सरळ वाणाच्या चार-पाच निरोगी झाडांवर शेंगा वाळू दिल्या की पुढच्या मृगाचे बियाणे घरच्या डब्यात जमा होते. शेजारी दुसरे वाण नसावे, एवढे पथ्य पाळावे लागते. कोणतेही वाण अमर नसते, रोगही बदलत जातात. म्हणूनच लोकांच्या पैशातून, लोकांसाठी नवी वाणे काढणारी विद्यापीठे जिवंत राहणे हा परसबागेच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

बियाणे राखण्याचा हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे जपणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि ब्रँडचे नाव न लावता विकणे हे शेतकऱ्याचे अधिकार ठरवले. अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. गावोगावी अशी जाणती माणसे आहेत. त्यांच्या मडक्यांतले वाल-दोडक्याचे बी त्यांच्याबरोबर संपू नये, ही जबाबदारी ग्रामपंचायतींची आणि शाळांचीही आहे.

सर्वांत अवघड प्रश्न जमिनीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन झाले. मृत्यूने श्रीमंत-गरीब हा भेद पाळला नव्हता, पुनर्वसनाने पाळला. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांपर्यंत ४५० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे. शेत ज्याचे मोठे, त्याचे घरही मोठे, असा हा न्याय होता. वास्तविक ज्याला शेत नाही, त्यालाच घरालगतच्या जमिनीची अधिक गरज होती.

पुढच्या योजनांतही हा विचार रुजला नाही. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. ज्याला जागाच नाही त्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घेण्यासाठी राज्य शासनाने साहाय्य देऊ केले. वजाबाकी केली तर उरतात २३१ चौरस फूट. त्यातच संडास, त्यातच न्हाणी, त्यातच शेळी आणि सरपण. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्याच्या जवळपास दशांश जागा आणि तीही अशी वाटली गेलेली. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे कष्टकऱ्यांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. त्या तुकड्याचे प्रचलित माप सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठ्यांइतके आहे. दुसऱ्या महायुद्धात याच तुकड्यांनी तेथल्या शहरांना भाजी पुरवली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात अन्नटंचाईत सापडलेल्या क्यूबाने हवानातल्या पडीक जागा नागरिकांना भाजीसाठी कसू दिल्या. भांडवलशाही देश असो वा समाजवादी, निकड पटली तेव्हा दोघांनीही जमीनच दिली. नुसती बियाण्याची पाकिटे वाटून कोणी थांबले नाही.

मराठवाड्यात अशी जमीन नाही, असेही नाही. गायरानांवर भूमिहीनांनी, विशेषतः दलितांनी, पिढ्यान्पिढ्या घाम गाळला आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही कसणाऱ्याच्या नावावर सातबारा होण्यासाठीचे खेटे अनेकांच्या नशिबी राहिले. याखेरीज ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न वेगळाच. ते दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. म्हणजे परसबागेचा जो सुगीचा हंगाम, नेमका तोच त्याच्या घरी कुलूपबंद जातो. त्याच्या मुलांना मेथीची भाजी मिळवून द्यायची असेल तर गावातच हिवाळ्यात काम निर्माण करावे लागेल. दुसरा उपाय नाही.

आणि शेवटी श्रमांचा विचार. परसबाग बहुधा बाई राबवते. घरकाम, शेतमजुरी, पाणी भरणे, यांत आणखी एक बिनमोल काम तिच्या माथी मारणे याला पुरोगामी म्हणता येणार नाही. भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-उभारणीत स्त्रियांना सहभागी करून घेणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने याच प्रश्नाला हात घातला. प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या या संस्थेच्या प्रेरणेने स्त्रियांनी घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मागितला आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाज्या, कडधान्ये, धान्य अशी मिश्र पिके घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ साली या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. या प्रयोगातली मोलाची गोष्ट म्हणजे काय पेरायचे, काय खायचे आणि काय विकायचे, हे ठरवण्याचा अधिकार बाईच्या हाती आला. श्रम तिचे पूर्वीही होते. निर्णय तिचा नव्हता. या अधिकाराशिवायची परसबाग म्हणजे वेठबिगारीचा आणखी एक वाफा होय. पुरुषांनी आणि मुलांनी पाण्याची घागर उचलली पाहिजे, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

काही मित्र येथे एक गंभीर आक्षेप घेतील. परसबागेचा प्रचार म्हणजे गरिबाला स्वतःच्याच माथ्यावर स्वतःच्या पोषणाचा भार घ्यायला सांगणे, आणि शासनाला मोकळे करणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. दोन गुंठ्यांत ज्वारी-गहू पिकत नाहीत, डाळ पुरत नाही, तेल निघत नाही. रेशन, मजुरी, अंगणवाडी आणि शाळेतला आहार यांना परसबाग पर्याय होऊ शकत नाही; जो तसे सांगेल त्याच्यापासून सावध राहावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांनी काम मागितले. त्यातून रोजगार हमीचा विचार कायद्यापर्यंत पोहोचला. त्या माणसांना कोणी बियाण्याची पाकिटे देऊन घरी पाठवले असते, तर ती क्रूर थट्टा ठरली असती. परंतु मागणीचा हक्क आणि स्वतः उभे करण्याची कर्तबगारी यांत विरोध नाही. ज्या घराच्या मागे चार महिने पुरेल एवढी भाजी आहे, त्या घरातली बाई पडेल त्या मजुरीला होकार देताना थोडी कमी अगतिक असते. तेवढी अगतिकता कमी होणे हेही राजकारणच आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. घरकुल मंजूर करताना घराबरोबर परसाची जागाही मोजावी, आणि ती भूमिहीनाला आधी द्यावी. जेथे घरालगत जागा शक्य नाही, तेथे गावठाणाजवळच्या सार्वजनिक जमिनीवर स्त्रियांच्या गटांना दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे आणि सामाईक विहीर द्यावी. पाणीपुरवठ्याचे प्रमाण ठरवताना माणसाच्या पिण्याबरोबर त्याच्या भाजीचाही विचार व्हावा. सरळ वाणांचे बियाणे विद्यापीठाकडून तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर, मृगाच्या आधी, मिळावे. या मागण्यांसाठी अब्जावधींचा खर्च लागत नाही. लागते ती जमिनीकडे आणि पाण्याकडे पाहण्याची निराळी दृष्टी.

तोवर जेथे हातभर जागा आहे तेथे थांबण्याचे कारण नाही. रोहिण्या निघण्यापूर्वी खत पसरावे, न्हाणीच्या पाण्याला वाट काढावी, शेजारणीकडून दोडक्याचे चार दाणे मागून घ्यावेत आणि पुढच्या वर्षी तिला आठ परत करावेत. ग्रामसभेत मात्र उरलेल्या दोन गुंठ्यांचा प्रश्न विचारीत राहावे. भाजी तोडून घरात न्यावी आणि मागणी चावडीवर न्यावी. दोन्ही कामे एकाच हाताने होण्याजोगी आहेत.